अस्माताई फोन उचलत नाहीत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय राजवर्धनदादा, व्यासपीठावरील संचालक मंडळी, दूध संकलन केंद्रांवरून वेळ काढून आलेल्या बंधू-भगिनींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या अस्माताई,

मी संभाजी, कन्हेरीच्या केंद्राचा सचिव. दूध दिसलं की त्यात पाणी किती, हे आधी बघायचं, ही माझी जन्माची सवय. तेव्हा माझ्याकडून गोड भाषणाची अपेक्षा ठेवू नका.

आपल्या केंद्रांवर दुधाच्या पावत्या काढायचं ते फुकटातलं सॉफ्टवेअर आलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठली तरी माणसं ते बनवतात, कुणालाही वापरू देतात, आतलं सगळं उघडं ठेवतात. का बरं? त्यात, ते केंद्रांवर बसवून देणाऱ्या अस्माताईंनी वेबसाइट काढली. अडलेल्यानं मराठीत प्रश्न टाकायचा, ज्याला येतं त्यानं उत्तर लिहायचं, म्हणजे पुढच्याला ते वाचता येईल. मी म्हणालो, बिनपगारी उत्तर देणारा माणूस मला आधी दाखवा.

आणि आपण काय केलं? चारचौघांत अज्ञान दिसू नये म्हणून प्रश्नाच्या जागी लिहिलं, ‘अडचण हाय, फोन करा.’ ताईंनी फोन करायचा, अडचण सुटायची, आणि उत्तराच्या जागी आपण लिहायचं, ‘फोन झाला, धन्यवाद.’ हसू नका दादा, तुमचाही एक ‘धन्यवाद’ आहे. साइटभर नुसते आभार! उत्तरं सगळी एकट्या ताईंच्या डोक्यात.

मग कळलं, ताई इंदापूरच्या दूध संघात चालल्या. आणि नेमकं तेव्हापासून त्यांनी फोन उचलणं बंद केलं. दूध घेऊन माणसं रांगेत उभी, पावती निघेना, आणि ताईंचा फोन नुसता वाजतोय. मी दादांच्या कानावर घातलं, ‘बाई आत्तापासनंच तिकडची झाली.’

पण दुसऱ्या दिवशी पावत्या सुरू. साइटवर पणदऱ्याच्या केंद्रातल्या मेहबूबबींच्या नावानं उत्तर होतं, ‘लाइट जाऊन आली की कॉम्प्युटरची तारीख मागं जाती. आधी ती नीट करा, मग पावती निघती.’ मला वाटलं, नाव मेहबूबबींचं, लिहिणाऱ्या ताईच. गाडी काढली आणि थेट पणदरे गाठलं.

मेहबूबबी म्हणाल्या, ‘मीच लिवलं की! ताई फोन उचलंनात, माझ्याकडंबी माणसं खोळंबली हुती. खाली बघा, मोरगाववाल्यानं माझी चूकबी काढलीय.’

खरंच काढली होती. तारीख सारखी मागं जात असेल तर आतला सेल बदला, असं त्यानं लिहिलं होतं. त्याखाली वाद, वादाखाली आणखी उत्तरं.

ताई, तुम्ही हे मुद्दाम केलंत ना? परवा विचारलं तर म्हणालात, ‘आबा, साइटवर विचारा.’ तुम्ही चाललात याचं मला वाईट वाटतंय, ते मी लपवत नाही. म्हणून साइटवर विचारलं, स्वतःच्या नावानं, चारचौघांत: ‘ताई गेल्यावर हे टिकंल का?’

ताईंचं उत्तर आलं नाही. मेहबूबबींचं आलं, ‘आमी हाय की.’

ते खरंच त्यांनीच लिहिलंय का, हे बघायला मी पणदऱ्याला गेलो नाही.

ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, ताई.