सहाव्या तळ्यातील अर्धे पाणी

समारंभाचे अध्यक्ष नगराध्यक्ष उराता, व्यासपीठावरील मान्यवर, अमाकुसाच्या शेवाळ-तेल केंद्रातील सहकारी आणि आजच्या सत्कारमूर्ती त्सुरुओका फुमिएबाई,

मूल्यमापन समितीचा प्रमुख या नात्याने हे केंद्र बंद करण्याची शिफारस मी केली. मग या प्रसंगी मीच का बोलावे? बाईंनी तसा आग्रह धरला, याहून अधिक उत्तर माझ्यापाशी नाही.

शिफारशीचे कारण साधे होते. एक लिटर तेलासाठी शेवाळ गाळण्यात आणि वाळवण्यात दीड लिटर तेलाएवढी ऊर्जा जात होती. हा युक्तिवाद मी बाईंना तळ्याच्या काठावर ऐकवला. मला गुरुजींचा मान देत त्या म्हणाल्या, "सेन्सेई, अंधार पडला की शेवाळ स्वतःलाच थोडं थोडं खातं. तुमच्यासारखंच. उजेड आहे तोवर काढू द्या. सरका बघू तिकडे!"

एकोणीस वर्षे त्यांनी रोज संध्याकाळी अर्धे तळे गाळले आणि अर्धे राखले. राखलेल्यातून पुन्हा हिरवे दाटते. गेल्या शुक्रवारी आदेश होता, सर्व तळी पूर्ण रिकामी करावीत. पाच झाली. सहाव्यात अर्धे पाणी तसेच होते.

"बाई, हे काय?"

"सगळं काढलं तर वाढणार कशातून?"

"आता वाढवायचंच नाहीये."

"ते मला कळलं हो. हाताला कळत नाही." मग हळूच म्हणाल्या, "एवढं राहू द्या ना, सेन्सेई. कुणाचं काय जातंय?"

विचार करतो, असे मी म्हणालो. दोन दिवस केला. अपवाद करावा असा आधार सापडला नाही. हे काम दुसऱ्यावर सोपवणे योग्य नव्हते, म्हणून आज सकाळी झडप मी स्वतः उघडली. तळे रिकामे व्हायला चाळीस मिनिटे लागली. मी काठावर उभा होतो. काहीतरी वाटेल अशी अपेक्षा होती. नोंदवण्याजोगे काही वाटले नाही.

मघाशी सभागृहाच्या दाराशी मी बाईंना हे सांगितले. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिले.

"बूट धुतलेत ना?"

एका तळ्यातली कीड दुसऱ्यात जाऊ नये, म्हणून येथे बूट धुतात. दुसरे तळे आता नव्हते.

"धुतले," मी म्हणालो.

"तळाच्या खाचासुद्धा?"

"खाचासुद्धा."

"मग ठीक," म्हणाल्या, आणि येथे येऊन बसल्या.

संयोजकांनी मला बोलू दिले, आपण शांतपणे ऐकलेत, याबद्दल आभारी आहे. शब्दांत काही कमी-अधिक झाले असेल, तर ते आपण सर्वांनी पोटात घालावे. बाईंकडे मात्र तेवढेही मागण्याचा मला अधिकार नाही.