बाबल्याचा शेवटचा फुगा

नानांचं कौतुक चाललंय तर माझं पापही ऐका.

नाना मुलुंडला आमच्याच सोसायटीत, माझ्या घराच्या वर दोन मजले. ऐंशीच्या दशकात मुलांच्या मासिकात त्यांची चित्रकथा यायची. चित्रं नानांची, आणि बोलण्याच्या फुग्यांत अक्षरं लिहायचं काम माझं. त्यांचा हिरो बाबल्या म्हणजे नुसती टकळी.

पुढे नानांचा हात थरथरायला लागला. शेवटचा भाग आला. शेवटच्या चित्रात बाबल्या पिशवी घेऊन निघालाय, डोक्यावर फुगा, आणि फुगा कोरा! मला वाटलं, नाना विसरले. दोन जिने चढून विचारायचं ना? पण प्रेसचा माणूस दारात उभा. मी ठोकून दिलं, "जातो रे, माझ्या वाटणीचे लाडू ठेवा!"

अंक आल्यावर मीच फुशारकीने गेले. "नाना, विसरला होतात ना? मी सांभाळून घेतलं."

नानांनी त्या फुग्यावर बोट ठेवलं. "झकास लिहिलंस गं. पण जाताना त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात पोरांची ढीगभर पत्रं आली आणि सगळ्यांना लाडूच आवडलेले. नानांनी प्रत्येकाला उत्तर पाठवलं. पोस्टकार्डावर थरथरत्या रेषांचा बाबल्या, आणि डोक्यावर फुगा. कोरा.

ती कार्डं पेटीत टाकायला मलाच द्यायचे.