माफीनामा माझ्या अक्षरात

या निरोप समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे आदरणीय सदाशिवराव; आताच माझं मानपत्र वाचून दाखवणाऱ्या मुख्याध्यापिका दीपमालाताई; माझे सहकारी, गावातली मंडळी, समोर सतरंजीवर बसलेले विद्यार्थी आणि मागे भाताच्या पातेल्यापाशी उभे राहून हे कधी संपतं याची वाट पाहणारे सगळे सज्जन हो. आवाज येतोय ना मागे? यायलाच हवा.

मानपत्रातले शब्द सुंदर आहेत. 'विद्यार्थिप्रिय' लिहिलंय, चालेल. 'वक्तशीर' लिहिलंय, समुद्रपूरची एसटी वेळेवर असेल तेव्हा मीही असायचो. पण तिसऱ्या ओळीत 'निष्कलंक' लिहिलंय. दीपमालाताई, तुमची चूक नाही, तुम्ही या शाळेत येऊन सहाच वर्षं झाली. सदाशिवराव, तुम्ही मात्र त्या शब्दावर टाळ्या वाजवल्यात. मी पाहत होतो.

बत्तीस वर्षं मी मराठी शिकवलं आणि शनिवारी जुन्या कादंबऱ्या वाचून दाखवल्या. त्यांत एक प्रसंग फिरून फिरून येतो. गाव जमतं, एका बाईला मधे उभं करतं आणि तिच्यावर थुंकतं. ज्याच्यामुळे ती तिथे उभी आहे तो गृहस्थ पहिल्या रांगेत असतो, सगळ्यांत जास्त संतापलेला. फळ्यावर मी दोन रकाने आखायचो. एकात 'उघडी लाज', दुसऱ्यात 'लपलेलं पाप'. लाज सोसलेली बाई हळूहळू उजळते, लोक तिला मानू लागतात. पाप लपवलेला माणूस आतून झिजतो, त्याला अन्न गोड लागत नाही, आणि शेवटी तो चौकात येऊन कबूल करतो. परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना असायचा.

मुलांनो, मी तुम्हाला खोटं शिकवलं. झिजत वगैरे कोणी नाही. गेल्या चौदा वर्षांत माझं वजन अकरा किलोंनी वाढलं.

चौदा वर्षांपूर्वी माझा मुलगा पियुष याच शाळेत दहावीला होता. गणितात कच्चा. सराव परीक्षेचे पेपर कपाटात होते आणि किल्ली शिपाई सुलोचनाबाईंकडे. हजेरीपट पाहायचाय, असं सांगून मी त्यांच्याकडून किल्ली घेतली, गणिताचा पेपर कागदावर उतरवून घेतला आणि घरी नेला. पियुषने तो तीन मित्रांना दिला. पण चौथ्या प्रश्नातला आकडा गणिताच्या सरांनी ऐनवेळी बदलला होता. या चौघांनी जुन्या आकड्याचं उत्तर लिहिलं आणि पेपर फुटल्याचं उघड झालं. चौघांत माझा मुलगा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण सरांचा मुलगा तो, त्याला मित्रांनीच बिघडवलं असणार, असं ठरलं. मग कपाटाची किल्ली कोणाकडे असते, एवढंच विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला, प्रार्थना झाल्यावर, सुलोचनाबाईंना झेंड्याच्या कट्ट्यावर उभं केलं. समोर चारशे मुलं. नववीच्या रांगेत त्यांची मुलगी जागृती. त्यांच्याकडून माफीनामा वाचून घेतला आणि त्यावर सही घेतली. तो मी लिहिला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून. फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार सत्यावर होता, तोही माझ्याच अक्षरात. आणि हो, मी पहिल्याच रांगेत होतो.

सुलोचनाबाईंची नोकरी गेली. त्या उजळल्या का? गावात कोणी त्यांना धुण्याभांड्यालासुद्धा ठेवलं नाही. जागृतीला मुलं 'पेपरवाली' म्हणायची. वार्षिक परीक्षेत मी तोच पाच गुणांचा प्रश्न घातला, एवढा मी निर्लज्ज. तिने लिहिलं, 'कादंबरीत खरे बाहेर येते, कारण ते लेखकाला माहीत असते. आमच्या घरी कोणी लेखक नाही.' मी पाचपैकी पाच दिले आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली. त्या उन्हाळ्यात ती शाळा सोडून गेली.

मागच्या रविवारी मी बोरगाव मेघेला त्यांच्या घरी गेलो. जागृती आता सरकारी नोकरीत आहे. तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि आईला हाक मारून आत निघून गेली. मी सुलोचनाबाईंना सगळं सांगू लागलो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मले काय सांगून राह्यले, सर? मले मालूमच होतं. किल्ली तुमीच नेलती. मी हेडमास्तरले सांगतलं बी होतं. ते म्हणे, सुलोचना, गुरुजीवर आळ घेतं का? मंग मी कोणाले सांगू?"

तेव्हाचे हेडमास्तर म्हणजे आजचे आपले अध्यक्ष. सदाशिवराव, पाणी घ्या, पण उठू नका.

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "घरात बसून माफी नका मांगू. मले लाईनीसमोर उभं केलं होतं. तुमी बी लाईनीसमोर उभे राहा."

पियुषला मी फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आता काऊन काढून राह्यले हे? शाल घ्या न, घरी या." त्याला असं बोलायला मीच शिकवलंय. मला राग माझा येतो. पण या मांडवात असे बरेच जण आहेत ज्यांनी तेव्हा त्या बाईंना विहिरीवर टोमणे मारले आणि आज मला वाकून नमस्कार केला. त्यांचाही येतो.

तर ही शाल मी खाली ठेवतो. ज्यांनी हार आणले, स्वयंपाक केला, मांडव घातला, त्या सर्वांचा मी आभारी आहे. भाषणाच्या शेवटी चूकभूल माफ करा म्हणायची रीत आहे. ती मी तुमच्यापुढे पाळणार नाही, कारण माफ करणं तुमच्या हातात नाही.

तो जुना माफीनामा अजून कार्यालयाच्या फाइलीत आहे. मानपत्राची एक प्रत काल शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आली होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तो शब्दाला शब्द उतरवलाय. फक्त सुलोचनाबाईंच्या जागी माझं नाव, हिरालाल, आणि कारण खरं. खाली सही केली आहे. हा कागद घेऊन मी उद्या बोरगावला जाणार आहे.

जुन्या कागदावर आणखी एक सही आहे, 'समक्ष' या शब्दाखाली. सदाशिवराव, ती तुमची. याही कागदावर मी ती जागा सोडली आहे. मुलं बघतायत. पेन माझ्याकडे आहे.