तिसरा रंधा

दुकानदार : ...म्हणजे हाही नको? मिस्त्री, आता याच्याहून चांगला जुना रंधा माझ्याकडे नाही. शिसमाचा आहे. पातं तर बघा, असं पोलाद हल्ली मिळत नाही.

नाना : तोंड मोठं आहे. लाकूड उपटून काढेल.

दुकानदार : तोंड मोठं? नखाएवढी तर फट आहे.

नाना : पहिल्याची पाचर सैल होती. दुसऱ्याचा तळ पोकळ. तुम्ही जुनी हत्यारं विकता की जळण?

सून : नाचता येईना अंगण वाकडं.

नाना : काय म्हणालीस?

सून : ऐकू येतं तुम्हाला चांगलं. कान काही गेलेले नाहीत.

दुकानदार : ताई, फोनवर तुम्ही सासऱ्यांसाठी हवाय एवढंच म्हणालात. डोळ्यांचं बोलला नाहीत.

नाना : काय सांगणार ती? काचबिंदू. उजेड आहे की नाही एवढं कळतं. समोर माणूस आहे की कपाट, ते बोलल्याशिवाय कळत नाही. जन्मभर सुतारकी केली, आता हत्यार घेऊन काय करू? घरातली होती ती मुलाने विकून टाकली.

सून : घाबरून विकली, नाना. मशीनवर तुमचं बोट गेलं तेव्हा हे दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखे रडत होते. तुम्हाला आजवर सांगितलं नाही.

नाना : ...मी त्याला कुठे बोल लावतोय? मीही विकली असती.

दुकानदार : तुम्ही बसा जरा. पाणी देऊ?

नाना : पाणी नको. सूनबाई, तू मला चक्कर मारायला म्हणून बाहेर काढलंस आणि इथे आणलंस. तुझा हेतू चांगला आहे. पण आंधळ्याने रंधा मारायचा आणि चार लोकांनी वा वा करायचं, ते मला नको. दया नको कुणाची.

सून : दया करायला मला सवड कुठे आहे? स्वयंपाकघराचं दार खाली घासतंय. रोज उचलून लावते, खांदा भरून येतो. घरात मिस्त्री असताना बाहेरून सुतार बोलवू का?

नाना : बोलव. त्यात कसली लाज?

सून : मग एक सांगा. दिवसभर त्या पलंगाच्या कडेवरून बोटं का फिरवता? कुठे खरखरीत लागतंय तेच शोधता ना? मी कणीक मळताना बघते. मला नाही बघवत ते.

नाना : मला सपाटी नाही कळायची ग. फळी गालाशी धरायची, एक डोळा मिटायचा, कडेने बघायचं, तेव्हा कुठे उंचवटा दिसतो. वडिलांनी शिकवलेलं पहिलं काम ते. माझे आता दोन्ही मिटलेले. भीती वाटते. चुकलो तर तेही गेलं म्हणायचं.

सून : एवढंच ना? कडेने मी बघते. तुम्ही रंधा मारा.

दुकानदार : थांबा, फळी लावतो बाकावर. टाकाऊ आहे, बिघडली तरी बिघडू दे. हं, हात इकडे, मिस्त्री. ही कड.

(रंध्याचा आवाज. अडखळत, मग सलग. मग थांबतो.)

नाना : बघ आता. कुठे उंच आहे?

सून : कुठेच नाही. छान दिसतेय की.

नाना : कशी धरलीस?

सून : समोर.

नाना : आरसा आहे का तो, समोर धरून बघायला? गालाला टेकव. उजेडाकडे तोंड कर. एक डोळा मीट.

सून : मिटला.

नाना : कोणता?

सून : डावा... थांबा. दिसलं, नाना. मधे पोट सुटलंय तिचं.

नाना : मग मधेच दोन हात मारू. दुकानदार, फळी घट्ट करा. हलतेय.

दुकानदार : हं, केली घट्ट.

(पुन्हा रंधा. या वेळी बराच वेळ.)

सून : हे सालपट किती पातळ निघालं. नाना, हाताला लावून बघा. नाना? रडताय का?

नाना : वास आला. साग आहे हा. मला वाटलं होतं, आता हा वास नशिबात नाही.

दुकानदार : सागच आहे. जुन्या खिडकीचा.

नाना : सूनबाई, मुलगा काय म्हणेल घरी?

सून : त्यांना सांगून आलेय. तोंड फिरवून बसले थोडा वेळ. मग म्हणाले, तू जवळ थांबणार असलीस तर आण.

नाना : असं म्हणाला?

सून : असंच.

दुकानदार : मग हाच बांधू? तोंड मोठं असलेला?

नाना : तोंड ठीक आहे त्याचं. मीच घाबरलो होतो. हा बांधा, आणि आणखी एक काढा. लहान, हलका. मूठ बारीक असेल असा.

सून : तो कुणाला?

नाना : हात दे इकडे. हं. बोटं लांब आहेत तुझी, धरता येईल.

सून : नाना, मला कुठे येतं?

नाना : मला तरी कुठे दिसतं?