डावा कार्बोरेटर

भाची : म्हणजे पुन्हा उघडायचा? मामा, तिसऱ्यांदा धुतलाय मी हा डावा कार्बोरेटर! जेटचं बारीक भोक उजेडाला धरलं तर आरपार दिसतं. आता काय पावडर लावू त्याला?

मामा : जेटमध्ये तार घातली नाहीस ना?

भाची : तार नाही, पिन नाही. नुसती फुंकर. तोंडात अजून पेट्रोलची चव आहे.

मामा : आणि फ्लोट?

भाची : तरंगतोय मस्त, बदकासारखा! डाव्याचं सामान एका ताटलीत, उजव्याचं दुसऱ्या. अगदी तू शिकवलंस तसं. तरी हा डावा प्लग बघ, काजळ नुसतं! आणि उजवा कसा छान बिस्किटी. एकच मोटरसायकल, एकच टाकी, तेच पेट्रोल. मग हा डावाच का रुसतो? माझं डोकंच चालेनासं झालंय.

मामा : माझंही. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, इतका हट्टी कार्बोरेटर पाहिला नाही. जाऊ दे. पाचला भंगारवाला येतोय. सुटलो एकदाचे.

भाची : सुटलो काय? अठरा पूर्ण झाली की गाडी तुझी, असं कोण म्हणालं होतं?

मामा : चालती गाडी म्हणालो होतो. भर रस्त्यात बंद पडणारी गाडी भाचीला देऊ? तुझी आई मला उभा चिरेल.

भाची : मामी, किती वाजले?

मामी : सव्वाचार. आणि त्या दोन ताटल्या घासून परत आल्या नाहीत, तर आज दोघांना पेट्रोलच्या टाकीवर जेवायला वाढीन!

भाची : मामा, शेवटचं एकदा. मी बसवते, तू कानाने लाव. प्लीज, प्लीज, प्लीज!

मामा : बसव. हवेचा स्क्रू आधी पूर्ण आत. हलक्या हाताने! टेकला की थांब. मग दीड फेरा बाहेर. दोन्हीकडे सारखा.

भाची : दीड इकडे… दीड तिकडे. मारते किक!

(गाडी सुरू होते. मामा मागे स्टुलावर, दोन्ही सायलेन्सरच्या मध्ये. पुढचं बोलणं ओरडून.)

मामा : उजवा छान बोलतोय. डावा मेलाय. ठोकाच नाही! स्क्रू पाव फेरा आत घे. हवा कमी, पेट्रोल जास्त.

भाची : अरे, येतोय की ठोका!

मामा : ऐकतोय ना मी? आत घे!

भाची : घेतला.

मामा : अजून पाव.

भाची : काळा धूर यायला लागला, मामा!

मामा : अजून! कुठाय ठोका?

भाची : पाऊणवर आला! बंद करते मी! (गाडी बंद करते.) दरवेळी आपण इथेच येऊन अडकतो. तू दीड सांगतोस, मग सव्वा, मग एक, मग पाऊण, आणि प्लग काळा ठिक्कर. मग दीड म्हणालासच कशाला? खरं कुठलं धरू? मामा? तुझ्याशी बोलतेय मी. रागावलास? बरं, चुकलं माझं. मामा! बोल ना काहीतरी.

मामी : उजवीकडे येऊन बोल गं, मग देतील उत्तर.

भाची : म्हणजे?

मामी : म्हणजे काय? दोन वर्षं झाली, मी जेवायला ह्यांच्या उजवीकडेच बसते. डावीकडे बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मला वाटलं, लग्नाला तीस वर्षं झाली की सगळेच नवरे असे होतात.

भाची : थांब, थांब. मामा, इकडे बघ. आता डोळे मीट. टिचकी ऐकू आली की सांग.

मामा : हे काय नवीन? वाजव.

भाची : वाजवली.

मामा : कधी?

भाची : तीनदा. तुझ्या डाव्या कानाशी.

मामा : थापा मारू नकोस.

मामी : अहो, मला इथे ओट्यापाशी ऐकू आली.

मामा : मग… मळ साचला असेल. उद्या काढतो.

भाची : कान राहू दे. मी गाडी चालू करते, तू दोन्ही सायलेन्सरच्या तोंडापुढे हात धर. एकेक तळवा.

मामा : मी कानाने गाड्या लावतो. सगळी आळी ओळखते मला त्यासाठी.

भाची : आळी राहू दे! पाचाला दहा कमी आहेत. धर ना रे हात!

मामा : धरले. उजव्याचा ठोका कसा मोजून मारल्यासारखा. ठक, ठक.

भाची : आणि डावा?

मामा : थांब, बघू दे.

भाची : मामा, डावा?

मामा : हा तर भसाभस फेकतोय. केवढा जोर! तळवा काळा केला माझा.

भाची : मेलेला ना तो?

मामा : बाहेर घे. पाव. अजून पाव. अजून… हळू, केसभर. थांब! आता सारखे लागतायत दोन्ही हातांना. किती आला स्क्रू?

भाची : दीड! मामा, बरोबर दीड! ना धूर, ना काही! ऐक कशी चाललीय… म्हणजे, हात लावून ऐक!

मामी : अहो, भंगारवाला फाटकाशी उभा आहे. काय सांगू?

भाची : मामा? मी उजवीकडून विचारतेय. काय सांगायचं त्याला?

मामा : गाडी द्यायची नाही म्हणावं. घरात आहे घेणारी.

भाची : मामी! ऐकलंस? घरात आहे घेणारी! मी! …मामा, तू असा काय बसलास? हसत का नाहीस?

मामा : अशा जोडकार्बोरेटरच्या गावात अजून तीन गाड्या आहेत. तिन्ही माझ्याकडेच येतात.

भाची : अगं बाई.

मामा : त्यातल्या त्या फोटोवाल्याला वर्षभर सांगतोय, पेट्रोलपंप बदल, तुझं पेट्रोल भेसळीचं आहे. बिचारा आता पार गावाबाहेर जाऊन भरतो. वर दरवेळी मला नमस्कार करतो.

भाची : मग आता?

मामा : स्क्रूड्रायव्हर घे. आधी त्याच्याकडे जाऊ. बोलेन मी. तू फक्त माझ्या डाव्या बाजूला उभी राहा, तिकडचं तू ऐक.