मार्थामावशी आणि बारा वेशी

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट असेल. नाशिकला शरणपुरात आम्ही सात-आठ जण दर बुधवारी चर्चच्या गुरुजींच्या घरी शास्त्राभ्यासाला जमायचो. तेव्हा बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, चाललं होतं. पशू, शिंगं, आग, गंधक यांतच दोन महिने गेले. मला तर ते पुस्तक उघडायचीच धास्ती वाटायची.

शेवटी नव्या पृथ्वीचा अध्याय आला. तिथं समुद्र नसेल, असं गुरुजींनी वाचलं. ते त्याचा गूढार्थ सांगणार, तोच कधी न बोलणाऱ्या मार्थामावशींनी विचारलं, "मुळीच नाही?"

"नाही, मावशी."

मावशींचा मुलगा शमुवेल जहाजावर नोकरीला होता. वादळात पाण्यात पडला, देहसुद्धा हाती लागला नाही. ईस्टरला आम्ही सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहायचो. मावशींना जायला कबरच नव्हती.

"म्हणजे माझ्या शमुवेलला पायी येता येईल," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी गूढार्थ तिथंच सोडला. म्हणाले, "येईल, मावशी." मग त्यांनी पुढचं वाचलं. त्या नव्या नगराला चारी दिशांना मिळून बारा वेशी असतील.

मावशींनी डोळे पुसले. "गुरुजी, त्यातल्या कुठल्या वेशीवर थांबू?"