फळ्यावरचे सु आणि ल

माझं नाव सुनंदा, माहेर डोंबिवलीचं, म्हणजे मूळ आम्ही संगमेश्वराकडचे, पण वडील शीळफाट्याला एका कंपनीत वॉचमन म्हणून लागले तेव्हा आई आम्हा चौघी बहिणींना घेऊन डोंबिवलीला आली आणि तिथेच दोन खोल्यांत आम्ही वाढलो. मी सगळ्यात थोरली. थोरली म्हणजे काय, तर नवीन फ्रॉक आला की आई बोलायची तू समजूतदार आहेस ना, धाकटीला घालू दे. मी समजूतदार वगैरे काही नव्हते हो, आतून नुसती जळायचे. आता साठीला आले, खोटं कशाला बोलू, माझा स्वभावच जळका आहे, कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात आधी कळ येते आणि मग तोंडावर हसू येतं. तुम्ही ते हसूच बघता.

लग्न होऊन कोपरीत आले. आमचे हे बसवर कंडक्टर होते. जिन्याखालची ही जागा सासऱ्यांची, तिथे मशीन टाकलं आणि फॉल-पिको चालू केलं, ते आजपर्यंत चालू आहे. या गल्लीतल्या एकाही बाईची साडी अशी नाही की जिच्या फॉलला माझा हात लागला नाही. कुणाची कुठली साडी ते कळावं म्हणून पिशवीत चिठ्ठी टाकते, नाव लिहून. माझं अक्षर असं तिरकं, सु काढला की त्याची शेपटी खाली लांब जाते, शाळेत बाई ओरडायच्या, पण ती काही सुटली नाही. ते अक्षर इथे सगळ्या ओळखतात. लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आमचं महिला मंडळ आहे, नवरात्राचं. टेंभी नाक्यासारखं मोठं नाही हां, तिथे कुठे आणि आम्ही कुठे, पण देवी बसते, नऊ दिवस सगळं बायकाच बघतात. गोदाताई आमच्या पहिल्या अध्यक्षा. त्यांनी मला हाताला धरून सगळं शिकवलं, घट कसा बसवायचा, ओट्या कशा लावायच्या, फुलोरा कसा तळायचा, तो वेणी-फणी, करंजी, कडाकण्यांचा, देवीवर टांगतात तो. वीस-बावीस वर्षं फुलोरा मी एकटीने केला. कुणी बोललं ताई मी येऊ का मदतीला, तर मी बोलायची नको गं, तू बस, मी करते. मला वाटायचं मी त्यांचे कष्ट वाचवते.

आणि लता. लता कल्याणची, लग्न होऊन आमच्या समोरच्या खोलीत आली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, इथल्या बालवाडीत मावशी म्हणून काम करते. आली तेव्हा तिला साधी नऊवारी नेसता येत नव्हती, मी नेसवलेली. ओटीत नारळाची शेंडी कुठल्या बाजूला ठेवायची ते मी शिकवलेलं. आणि काय सांगू तुम्हाला, हीच बाई जिथे जाईल तिथे माणसं गोळा. तिची पुरणपोळी तव्यावर फुटते, सगळं पुरण बाहेर, तरी बायका ती फुटकी पोळी वाटून खातात आणि हसतात. माझी पोळी पापुद्र्यासारखी, ती गुपचूप डब्यात घालून घरी नेतात. आमचे हे, घरात दिवसभर चार शब्द बोलत नाहीत, पण लता दारातून भावोजी अशी हाक मारून गेली की यांना हसू फुटतं. एकदा मी बोललेसुद्धा, तिला पाटावर बसवून ओवाळू का. तर बोलले, सुनंदा, तू पण कधीतरी कुणाला हाक मारून बघ. मी दोन दिवस बोलले नाही यांच्याशी. यांना काही फरक पडला नाही, तो भाग वेगळा.

तर झालं असं की गोदाताईंचे गुडघे गेले आणि त्या बोलल्या आता मी सोडते, दर तीन वर्षांनी तुमची तुम्ही निवडा. अध्यक्षा म्हणजे मोठं काही नसतं, पण घटस्थापनेला देवीची पहिली ओटी अध्यक्षेने भरायची. मला ती पहिली ओटी पाहिजे होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ओट्या लावल्या, पहिली आपली असावी असं वाटलं तर काय चुकलं. मला वाटलं मीच, दुसरं कोण. तर लता उभी राहिली. म्हणजे ती बोलते की ती उभी राहिली नाही, बायकांनी उभं केलं. त्याने तर जास्तच झोंबलं.

गोदाताईंची एक रीत होती, कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना माहीत. दोघी उभ्या राहिल्या तर दोघींनी आपापलं मत एकमेकींना द्यायचं. गोदाताई आणि त्यांची जाऊ अशा एकदा उभ्या राहिलेल्या, जाऊ हरली आणि दोघी सहा वर्षं एका नळावर उभ्या राहून बोलल्या नाहीत, तेव्हापासून ही रीत. आणि दुसरी रीत अशी की मोजणी झाली की चिठ्ठ्या हरलेलीने फाडायच्या, म्हणजे तिच्या मनात काही नाही असं सगळ्यांसमोर होतं.

आता नाना. नाना म्हणजे गोदाताईंचे धाकटे दीर, कुठल्याशा ऑफिसात क्लार्क होते, रिटायर झालेत. मंडळाच्या दाराला एक फळा आहे, एरवी त्यावर पाणी येणार नाही, लाइट जाणार असं लिहिलेलं असतं. नाना रोज संध्याकाळी घरोघर चहाला जायचे, विचारायचे काय गं, कुणाला, आणि आकडा खडूने फळ्यावर टाकायचे. एकीकडे सु, एकीकडे ल. कोण काय बोललं ते कधी सांगायचे नाहीत. मंडळात आम्ही एकसष्ट बायका. मीपण साड्या पोचवायला घरोघर जातेच, मीपण विचारलं, सगळ्या बोलल्या ताई तुम्हीच, हे काय विचारणं झालं. मी मनात पन्नास पकडून चाललेले. पहिल्या दिवशी फळ्यावर माझा आकडा लताच्या दुप्पट. मी तिथून जाताना मुद्दाम हळू चालले.

मग चार दिवसांनी ल वर आला. मग अजून वर. रोज संध्याकाळी मी मशीन बंद करून भाजीचं निमित्त काढून फळा बघायला जायची आणि रोज घरी येऊन यांना सांगायची, नाना म्हातारे झाले, ऐकू येत नाही त्यांना. शेवटच्या आठवड्यात दोघींत दोन मतांचा फरक राहिला. दोन. मला अन्न गोड लागेना. मला वाटलं ही काहीतरी खायला घालते, नाहीतर माझ्याबद्दल काही सांगते. यांना विचारलं असं कसं झालं हो, सगळ्या तर माझ्या तोंडावर हो बोलतात. हे पेपर वाचत होते, मान वर न करता बोलले, तुझ्या तोंडावर नाही बोलायची हिंमत आहे का कुणाची. मी बोलले मी काय खाते का त्यांना. तर बोलले, अगं तू कुणाला कधी काही करू दिलंस का, ते सांग आधी.

मला ते पटलं नाही. मी ब्लाऊज द्यायच्या निमित्ताने लताच्या घरी गेले, खरं म्हणजे बघायलाच गेले. दारात चपलांचा ढीग. आतून हसण्याचा आवाज. बघते तर आठ-नऊ बायका जमिनीवर बसलेल्या, मध्ये परातीत पीठ, आणि सगळ्या फुलोरा करून बघतायत. लता स्वतः काही करत नव्हती, तिला जमतच नाही, ती फक्त विचारत होती, अगं शोभा, ही फणी तुझ्या गावाला कशी करतात, दाखव ना. शोभा सांगलीकडची, माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये अकरा वर्षं राहते, मी तिला कधी लाटणं धरू दिलं नाही, मला वाटायचं हिला काय येणार. तिने चाकूच्या टोकाने फणीचे दात पाडले, असे बारीक आणि सारखे, माझे कधी तसे आले नाहीत. आणि तिचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही, एवढं फुललेलं.

मी दारात दिसले आणि सगळ्या गप्प झाल्या. ताई या ना, ताई बसा ना, म्हणून एकीने पटकन खुर्ची आणली. सगळ्या खाली आणि मी एकटी खुर्चीवर. कुणी मला बोललं नाही ये, हात लाव. इतकी वर्षं मीच त्यांना बस बस बोलत आले ना, आता त्यांनी मला बसवलं. ब्लाऊज लताच्या हातात दिला आणि निघाले. जिना उतरेपर्यंत आत परत हसू चालू झालं होतं. नानांच्या फळ्यावरचा आकडा का वाढतोय ते मला तेव्हा कळलं, पण कळलं म्हणून जळणं थांबतं असं नाही, उलट जास्तच पेटलं. ती मला काही वाईट बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

मतदानाचा दिवस रविवार. एकसष्टच्या एकसष्ट आलेल्या, गोदाताईंना खुर्चीसकट उचलून आणलेलं. मध्ये स्टीलचा डबा, प्रत्येकीने चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि टाकायचं. लता माझ्या बाजूलाच बसलेली, लिहून झाल्यावर मला हळूच बोलली, ताई, तुमचं लिहिलं हां. मी हो बोलले. हो बोलले आणि माझ्या चिठ्ठीवर सुनंदा लिहिलं. हात सरळ तिकडेच गेला. सु ची शेपटी खाली लांब. आजपर्यंत हे कुणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगते.

नानांनी मोजलं. माझी एकतीस, तिची तीस.

तुम्ही हिशोब करा, मी केलाय तो शंभर वेळा. माझं मत जिथे जायला पाहिजे होतं तिथे गेलं असतं तर ती एकतीस आणि मी तीस. म्हणजे मी हरलेले. लताने मला मिठी मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नानांनी डबा लताच्या मांडीवर ठेवला, घे, फाड. ती एकेक चिठ्ठी उचलायची, बघायची, हसत हसत फाडायची. मी तिच्या हाताकडे बघत होते. एका चिठ्ठीवर ती थांबली. जास्त नाही, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. मग त्या चिठ्ठीचे तिने इतरांसारखे दोन तुकडे नाही केले, चार केले, आठ केले, एवढे बारीक की जोडता येऊ नयेत. मग पुढची उचलली.

घटस्थापनेला मी पहिली ओटी भरली. हिरवा खण, नारळ, तांदूळ, सगळं मनासारखं. आणि खरं सांगू, देवीकडे माझं लक्षच नव्हतं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते लता कुठे उभी आहे. मागे शोभा फुलोरा बांधत होती आणि लता तो खालून धरून उभी होती. त्या वर्षीपासून फुलोरा मी सगळ्यांना करू दिला. चांगुलपणा म्हणून नाही, माझ्याने तो एकटीने करवेना. आता मी पण खाली बसते त्यांच्यात. पहिल्या वर्षी गप्प व्हायच्या, आता होत नाहीत.

तीन वर्षं ती एक शब्द बोलली नाही. मला वाटायचं बोलेल, कधीतरी भांडणात टोमणा मारेल, मी वाट बघायची. तिचं ते न बोलणं मला सगळ्यात जास्त जाळायचं, कारण मी तिच्या जागी असते तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या कोपरीला सांगितलं असतं.

आता परत निवडणूक आली, येत्या रविवारी आहे. मी लताला बोलावून सांगितलं, मी काही उभी राहत नाही यंदा, तू एकटीच राहा, बिनविरोध हो. मला वाटलं फिट्टंफाट होईल, वर आपला मोठेपणाही राहील. ती इथेच, तुम्ही बसलात त्या स्टुलावर बसलेली, चहा पीत होती. कप खाली ठेवला आणि बोलली, नाही हां ताई, तुम्ही उभं राहायलाच पाहिजे. मी बोलले का गं. तर हसली, नेहमी हसते तशीच, आणि बोलली, तुम्ही उभ्या राहिला नाहीत तर मला तुमचं मत कसं मिळणार.

मी मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. ती उठली, कप धुऊन पालथा घातला आणि बालवाडी भरायची वेळ झाली म्हणून गेली.

म्हणून उभी आहे. तिचं नाव ठसठशीत लिहिणार, ताई न बाई काही नाही, नुसतं लता, माझ्या त्या तिरक्या अक्षरात, म्हणजे कोण मोजेल त्याला कळू दे. या वेळी हरले तर चिठ्ठ्या मी फाडीन, आणि ती एक तेवढी फाडायच्या आधी तिला दाखवीन. पण तुम्हाला वाटेल ही सुधारली, तसं काही नाही हां. काल संध्याकाळी फळ्यावर ल माझ्यापेक्षा सातने पुढे होता आणि माझ्या पोटात कळ आलीच. उभी राहिले थोडा वेळ, मग भाजी घेऊन घरी आले. देवी तिला पहिली ओटी देवो, मनापासून बोलते. सात जरा जास्त होतात, एवढंच.

तुमची साडी शुक्रवारी घेऊन जा. नाव काय लिहू?